फियाटला बूस्टर बसवताय? आधी पाय कोणाचा ते बघा



सुट्टी जवळ आली की इथे रुवैसमध्ये एक विषय हमखास निघतो. गावाकडे वडिलांची जुनी गाडी आहे, तिला "पॉवर ब्रेक" बसवून घ्यावा का? कोणाची पद्मिनी, कोणाची अँबॅसॅडर, एकाची तर चक्क विलीज जीप. गेल्या दोन महिन्यांत तिघांनी हेच विचारलं. प्रत्येक वेळी फोनवर अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ब्रेक बूस्टर ही चांगली गोष्ट आहे, पण ती गाडीला बसवायची वस्तू नाही, ती चालवणाऱ्याच्या पायाला बसवायची वस्तू आहे. ज्याचा पाय ठीक आहे आणि ज्याची गाडी महिन्यातून एकदा देवळापर्यंत जाते, त्याने त्या पैशात ब्रेक लायनर, व्हील सिलिंडर, होज पाइप आणि चार चांगले टायर घ्यावेत. ज्याचा पाय थकलाय त्याने बूस्टर जरूर बसवावा, पण त्यासोबत गाडी चालवायच्या काही सवयी मोडाव्या लागतील. त्या मोडणार नसतील तर बूस्टर बसवून धोका वाढेल, कमी होणार नाही. हे शेवटचं वाक्य बऱ्याच जणांना पटत नाही, म्हणून हा प्रपंच.

माझी पात्रता विचाराल तर पदवी मेकॅनिकलची आणि पोटापाण्याला आयटी. म्हणजे आपल्यातल्या निम्म्या लोकांसारखीच. स्पॅनर हातात धरायची संधी वर्षातून तीन आठवडे मिळते, तीही आई "कपडे खराब होतील" म्हणेपर्यंत. त्यामुळे चू.भू.द्या.घ्या.

आधी हे यंत्र नेमकं करतं काय ते बघू. ब्रेक पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये परातीच्या आकाराचा जो काळा डबा असतो, तो बूस्टर. आत रबराचा पडदा असतो, त्याने डब्याचे दोन भाग होतात. पेट्रोल इंजिन चालू असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो. तो एका जाड होजने डब्यात आणलेला असतो. पाय उचललेला असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंना निर्वातच असतो, म्हणून काही घडत नाही. पेडल दाबलं की एक व्हॉल्व्ह बंद होतो, दुसरा उघडतो, पेडलच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि ती पडद्याला पुढे ढकलते. म्हणजे मदत करते ती बाहेरची हवा, इंजिन फक्त तिच्यासाठी जागा करून देतं. बेल्जियमच्या अल्बर्ट ड्यूआँद्र याने १९२७ च्या सुमारास ही युक्ती काढली आणि आजही लाखो गाड्यांत तीच चालते आहे. आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांनी मान खाली घालावी असं हे आयुष्य आहे. :)

आकडे मांडून बघा, मजा येते. पडद्याचा व्यास २० सेंटीमीटर धरला तर क्षेत्रफळ साधारण ३१४ चौरस सेंटीमीटर. दोन बाजूंच्या दाबातला फरक दर चौरस सेंटीमीटरला ०.६५ किलो धरला तर पडदा सुमारे २०० किलोच्या जोराने ढकलतो. कागदावर, घर्षण वगैरे सोडून. तुमचा पाय ३० किलोने दाबतोय आणि पेडलची तरफ पाचपट आहे, तर तुमचे होतात १५०. म्हणजे डबा तुमच्यापेक्षा जास्त काम करतो. आणि इंजिन बंद पडलं की हा निम्म्याहून मोठा मदतनीस कामावर येत नाही, हेही त्याच हिशेबातून कळतं.

आता बूस्टर काय करत नाही. तो गाडी थांबवत नाही. गाडी शेवटी थांबते ती टायर आणि डांबर यांच्यातल्या पकडीवर. तुमच्या पायात चाकं लॉक करण्याइतका जोर आधीच असेल तर बूस्टर लावून गाडी एक फूटही आधी थांबणार नाही. गॅरेजवाले "साहेब, बूस्टर टाका, जागेवर थांबेल" म्हणतात ना, ते म्हणूनच अर्धसत्य.

अर्धंच का, तर प्रत्यक्षात बहुतेक माणसं संकटाच्या वेळी पेडल पुरेसं दाबतच नाहीत. मर्सिडीजवाल्यांनी १९९२ मध्ये बर्लिनच्या ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर चालकांना अचानक ब्रेक मारायला लावला, तेव्हा बहुसंख्य लोक अर्धवटच दाबतात असं दिसलं. त्यातून १९९६ मध्ये ब्रेक असिस्ट आलं. पेडल किती झटकन खाली गेलं यावरून गाडी ओळखते की हे संकट आहे, आणि उरलेला जोर स्वतः लावते. बूस्टर आणि ब्रेक असिस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका. जुन्या गाडीला बूस्टर बसवता येतो. ब्रेक असिस्ट एबीएसच्या जोडीने येतं, ते बाहेरून चिकटवता येत नाही. कोणी "असिस्ट किट" म्हणून विकत असेल तर त्याच्या हातात काळा डबाच आहे असं समजा.

इथल्या रस्त्यावर आपल्याला हे सगळं जाणवत नाही. रुवैसहून अबूधाबीला जाताना घुवैफात रस्त्यावर ताशी १४० ने चाललेली गाडी दोन बोटांनी थांबेल असं वाटतं. ०.८ जी इतक्या जोराने ब्रेक लागला असं धरून आकडे काढा. १४० ला फक्त ब्रेकचं अंतर ९६ मीटर, आणि पाय पेडलवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरला तर त्यात आणखी ३९ मीटर. एकूण १३५ मीटर. ६० ला हेच सगळं ३५ मीटरच्या आत संपतं. हिवाळ्यात पहाटे सबखावरून धुकं येतं आणि पोलीस पाट्यांवर ८० ची मर्यादा लावतात, ती काही उगाच नाही. असो. मुद्दा असा की आपण इथे एबीएस, ब्रेक असिस्ट, सपाट रस्ता आणि दरवर्षीची तपासणी यांच्या जोरावर चालवतो, आणि तीच अपेक्षा घेऊन तीस वर्षांच्या गाडीबद्दल फोनवर निर्णय देतो.

आता मूळ पेशंटकडे येऊ. प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, मूळ फियाट ११००. नाव पद्मिनी झालं तरी आपल्याकडे कोणी तिला फियाटशिवाय दुसरं काही म्हटलं नाही. १०८९ सीसी, वजन नऊशे किलोच्या आसपास, चारही चाकांना ड्रम ब्रेक, बूस्टर नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर, ऑक्टोबर २०२३ अखेर, ती रस्त्यावरून गेली. त्या दिवशी फेसबुकवर किती जणांनी अश्रू ढाळले ते आठवत असेल. पण लहान गावांत, गॅरेजांत, वाड्यांच्या बोळांत पद्मिनी अजून आहेत आणि रोज सुरू होतात.

या गाडीला बूस्टर नसतानाही लोकांनी चाळीस वर्षं ती कशी चालवली? उत्तर ड्रममध्ये आहे. ड्रम ब्रेकमध्ये पुढचा शू ड्रमच्या फिरण्यामुळे आपणहून आत ओढला जातो. म्हणजे ड्रम स्वतःच थोडा बूस्टर असतो. डिस्क ब्रेकला हे जमत नाही, पॅड सरळ दाबावेच लागतात. म्हणून डिस्क आल्या तसे बूस्टर आले, दोघांची जोडी आहे. इथे हौशी मंडळी फसतात ती अशी. कोणी पुढे मारुतीच्या डिस्क टाकतो आणि बूस्टर टाकत नाही, मग पेडल दगडासारखं लागतं आणि तो म्हणतो डिस्क बेकार. दुसरा ड्रम तसेच ठेवून भलामोठा बूस्टर टाकतो, मग पहिल्या पावसात पाय नुसता टेकवला तरी मागची चाकं लॉक होतात आणि गाडी फिरते. एबीएस नाही हे विसरू नका. जितकी मदत जास्त तितकं चाक लॉक करणं सोपं.

आमच्या घरची गोष्ट सांगतो कारण त्याशिवाय माझं मत नुसतं पुस्तकी वाटेल. वडील, आम्ही अण्णा म्हणतो, चाळीसगावला असतात. वय ७२. गाडी १९९४ ची. बहीण दिलेली आहे संभाजीनगरला. वाटेत कन्नडचा घाट. म्हणजे महिन्यातून एकदा हा माणूस ती गाडी घेऊन घाट चढतो आणि दुसऱ्या दिवशी उतरतो. उजव्या गुडघ्याची झीज झाली आहे, डॉक्टरांनी जिने कमी करा म्हणून सांगितलं. आईने फोनवर सांगितलं की घाटातून आल्यावर ते संध्याकाळभर पाय दाबत बसतात. ते स्वतः अर्थातच म्हणतात, "मला काही होत नाही, गाडीच जरा जड झालीये."

पहिला सल्ला सगळ्यांचा एकच. विकून टाका, नवीन ऑटोमॅटिक घेऊन द्या. एप्रिल २०१९ पासून भारतात नवीन गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे कुठलीही साधी हॅचबॅक घेतली तरी पद्मिनीपेक्षा चांगली थांबणार. शंभर टक्के मान्य. हा सल्ला तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे आणि ज्याचे वडील ऐकतील त्याने पुढचं वाचू नये, सरळ शोरूमला फोन करावा. आमचे ऐकत नाहीत. धाकट्या काकांनी मागे त्यांना त्यांची नवी गाडी आठवडाभर वापरायला दिली होती, ती अंगणात उभी राहिली आणि अण्णा फियाटने बाजारात गेले. अशा माणसाला गाडी बदलून देणं म्हणजे त्याच्या हातची किल्ली काढून घेणं. कदाचित ते दिवस येतील, पण ते गुडघ्याच्या निमित्ताने आणि मुलाने दुबई-अबूधाबीतून पैसे पाठवून यावेत असं मला वाटलं नाही.

तर प्रश्न बूस्टरचा. आणि इथे मला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा दिसला तो गाडीत नव्हता, घाटात होता.

आपल्याकडे जुन्या ड्रायव्हर मंडळींची एक सवय आहे. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करायची, आणि पेट्रोल वाचवायला किल्लीच फिरवायची. इंजिन बंद, गाडी उताराने जाते आहे, पाय ब्रेकवर. हे आधीच चूक आहे, कारण इंजिनचा ब्रेक हातचा जातो आणि सगळी उष्णता ड्रमच्या वाट्याला येते. ड्रम तापला की लायनरची पकड कमी होते, ब्रेक ऑइलमध्ये पाणी मुरलेलं असेल तर ते उकळून वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. पण बिनबूस्टरच्या गाडीत निदान पेडलचा जोर इंजिन चालू असो वा बंद, तोच लागतो. पायाला सगळं कळतं. पाय सांगतो, आता जास्त दाबावं लागतंय, थांब.

बूस्टर बसवला की हा करार बदलतो. इंजिन बंद केल्यावर डब्यात साठलेला निर्वात दोन-तीन वेळा दाबण्यापुरता पुरतो, चेक व्हॉल्व्ह तो धरून ठेवतो म्हणून. पहिल्या वळणाला ब्रेक मस्त लागतो. दुसऱ्याला बरा. तिसऱ्या-चौथ्या वळणाला पेडल एकदम दगड. ज्याचा पाय आता वर्षभर हलक्या पेडलला सरावला आहे, त्याला वाटतं ब्रेक गेले. ब्रेक गेलेले नसतात, मदतनीस गेलेला असतो, पण त्या क्षणी दरीच्या कठड्याजवळ हा फरक समजावून सांगायला कोण येणार?

उलट तीच गाडी सेकंड गिअरमध्ये ठेवून, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतरवली तर दुहेरी फायदा. थ्रॉटल बंद असल्यामुळे मॅनिफोल्डमधला निर्वात भरपूर, बूस्टर पोटभर जेवलेला, आणि निम्मा वेग इंजिनच अडवतं. म्हणजे बूस्टर ज्या घाटासाठी बसवायचा, त्या घाटात तो चालेल की नाही हे ड्रायव्हरच्या गिअरवर अवलंबून. म्हणून मी म्हणतो, सवय मोडणार नसेल तर बसवूच नका.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. बूस्टरमुळे ब्रेक तापल्याची खबर पायापर्यंत उशिरा पोचते. तुम्ही पाच किलो जास्त दाबता, डबा त्यात आपले घालतो, आणि वाटतं सगळं ठीक आहे. उतारावर मध्ये एकदा थांबून गाडी गार होऊ द्यावी, चहा घ्यावा, हा जुना रिवाज बूस्टर आल्यावर बंद करू नये.

आता निवड. बूस्टर दोन प्रकारे बसतो. एक थेट, पेडल आणि मास्टर सिलिंडरच्या मध्ये. हा सर्वात सुटसुटीत, पण पेडलचा दांडा, बूस्टर आणि मास्टर सिलिंडर एका रेषेत यायला हवेत आणि तेवढी जागा बॉनेटखाली हवी. जागा करण्यासाठी फायरवॉलचा पत्रा कापून ब्रॅकेट वेल्ड करणारे महाभाग आहेत. ब्रेक दाबला की पत्राच वाकतो आणि पेडल खाली जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय (गाडी आमची नव्हे, एका मित्राची, आणि गॅरेजचं नाव सांगत नाही). दुसरा प्रकार रिमोट. जुन्या इंग्लिश गाड्यांना असायचा. मास्टर सिलिंडर जागच्या जागी राहतो, त्यातून निघणारा पाइप बूस्टरमध्ये जातो आणि तिथून वाढीव दाबाने चाकांकडे. डबा बॉनेटखाली कुठेही घट्ट बसवता येतो, पेडलला हात लावायचा नाही. तोटा असा की असा एक रिमोट एकाच सर्किटवर काम करतो. म्हणून गाडीचा मास्टर सिलिंडर साधा आहे की टँडम, हे पैसे द्यायच्या आधी बघा. साधा असेल तर कुठेही एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. अशा गाडीत बूस्टर ही दुसरी पायरी, टँडम मास्टर सिलिंडर ही पहिली. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर टँडम घ्या, बूस्टर राहू द्या.

आकाराचा मोह टाळा. ड्रमवाल्या नऊशे किलोच्या गाडीला लहान डबा पुरतो. आणि बूस्टर नसलेल्या गाड्यांमध्ये पेडलची तरफ जास्त ठेवलेली असते, साधारण पाच-सहापट, बूस्टरवाल्या गाड्यांत चारच्या आसपास. थेट बूस्टर टाकताना जुनी तरफ तशीच ठेवली तर दुप्पट मदत होते आणि पेडल चिडखोर होतं. हे गणित गॅरेजमध्ये कोणी करत नाही. तुम्ही करा, फुटपट्टी लागते फक्त.

डिझेल पद्मिनी किंवा डिझेल जीपवाल्यांनी लक्षात ठेवायचं की डिझेल इंजिनच्या मॅनिफोल्डमध्ये असा निर्वात नसतो, कारण तिथे हवा अडवणारा थ्रॉटलच नसतो. तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, बऱ्याचदा तो अल्टरनेटरच्या मागे जोडलेला मिळतो. इलेक्ट्रिक गाड्यांत तर इंजिनच नाही, म्हणून तिथे मोटरने चालणारे बूस्टर आले. पण तो आपला विषय नाही.

बसवताना एका ठिकाणी मात्र मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहा. बूस्टरमधून मास्टर सिलिंडरमध्ये जाणारा पुशरॉड. त्याच्यात आणि पिस्टनमध्ये पाय उचललेला असताना केसभर फट राहिली पाहिजे. रॉड लांब पडला तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल परत जायचं छिद्र झाकलेलं राहतं, ब्रेक किंचित लागलेलेच राहतात. पाच किलोमीटरवर ड्रम तापतात, ऑइल फुगतं, आणखी लागतात. शेवटी गाडी भर रस्त्यात जाम. सुटत नाही, ढकलता येत नाही. आणि गार झाल्यावर आपोआप सुटते, म्हणून गॅरेजमध्ये पोचेपर्यंत काहीच सापडत नाही.

होज साधा पेट्रोलचा किंवा पाण्याचा चालत नाही, आतल्या निर्वाताने तो चपटा होतो. दोऱ्याचं जाळं असलेला व्हॅक्यूम होजच हवा. चेक व्हॉल्व्हची दिशा इंजिनकडे ओढणारी. कुठे गळती राहिली तर इंजिन जादा हवा घेतं आणि आयडलिंगला धडधडतं, मग कार्बोरेटरवाला आणि ब्रेकवाला एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. ब्रेक ऑइल कमी होतंय पण जमिनीवर थेंब नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर, असं दिसलं तर मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलंय आणि ऑइल बूस्टरमधून इंजिन पीत आहे असं समजा.

तपासणी घरी करता येते, आईसुद्धा करू शकते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, कडक झालं की पाय दाबून ठेवायचा आणि इंजिन सुरू करायचं. पेडल किंचित खाली सरकलं तर बूस्टर जिवंत. नाही सरकलं तर होज, व्हॉल्व्ह किंवा पडदा यांपैकी काहीतरी गेलंय. मग इंजिन मिनिटभर चालवून बंद करायचं, आणि पेडल दाबायचं. पहिल्यांदा खोल जावं, नंतर दर वेळी वर येत जावं. पहिल्यालाच कडक लागलं तर साठा टिकत नाही.

आमच्याकडे काय झालं? गेल्या डिसेंबरमध्ये आधी चारही चाकं उघडली. दोन व्हील सिलिंडर गळत होते, मागचे लायनर रिव्हेटपर्यंत आले होते, ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचं. हे सगळं नवीन केल्यावर पेडल इतकं सुधारलं की माझा मिस्त्री म्हणाला, "भाऊ, आता बूस्टर कशाला?" खरं तर बऱ्याच जणांची गोष्ट इथेच संपावी. आमची संपली नाही, कारण घाटात अण्णांचा गुडघा. शेवटी टँडम मास्टर सिलिंडर आणि लहान थेट बूस्टर, दोन्ही नवीन, पत्रा न कापता बसेल अशा ब्रॅकेटवर. ड्रम तसेच ठेवले.

पण त्याआधी मी एक अट घातली होती, आणि तुम्हालाही घालायला सांगेन. कॉलेजच्या रिकाम्या मैदानावर बूस्टरचा होज काढून, मॅनिफोल्डचं तोंड बंद करून, अण्णांना ताशी ३० ने गाडी चालवायला लावली आणि शिट्टी वाजवली की थांबवायला सांगितलं. मदतीशिवाय. कारण बूस्टर कधी ना कधी दगा देणारच, आणि त्या दिवशी माणसाच्या पायात गाडी थांबवण्याइतका जोर असलाच पाहिजे. नसेल तर बूस्टर बसवणं म्हणजे त्याला रस्त्यावर ठेवण्यासाठी केलेली लबाडी आहे. मग खरंच किल्ली काढून घ्यावी, कितीही वाईट वाटलं तरी. अण्णांनी तीनही वेळा थांबवली. तिसऱ्या वेळी दात-ओठ खाऊन, पण थांबवली. ती कदाचित पुढच्या डिसेंबरला थांबणार नाही. ही परीक्षा दरवर्षी घ्यायची असं आमचं ठरलंय, आणि अण्णांनी ते लेखी मागितलं, म्हणजे नापास झाल्यावर वाद नको. (निवृत्त हेडमास्तर, दुसरं काय.)

किल्ली बंद करण्याच्या सवयीचं काय? तिथे मी भाषण दिलं नाही. घाटात नेलं, मोकळ्या, कमी उताराच्या जागी गाडी उभी करून इंजिन बंद केलं आणि उभ्या गाडीत पेडल चार वेळा दाबायला लावलं. चौथ्या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. आता सेकंड गिअरमध्ये उतरतात असं बहीण सांगते. पेट्रोल जास्त जातं अशी तक्रारही करतात, जी खरीच आहे, पण राहू दे.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल करण्यावर बंधन घालतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कडकपणे वाचलं. पंधरा वर्षांनंतर आरसी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना गाडी दाखवावी लागतेच. तेव्हा काम करण्यापूर्वी आरटीओत जाऊन विचारा, विम्याच्या एजंटलाही कळवा, आणि बिलं जपून ठेवा. इथे अमिरातीत परवानगीशिवाय इंजिन-चॅसिसला हात लावल्यावर काय होतं ते आपल्याला माहीत आहे आणि आपण निमूट पाळतो. भारतात पाय ठेवला की आपलं शिस्तीचं भूत उतरतं, त्याचं मला कायम आश्चर्य वाटतं.

राहता राहिला आपला, परदेशातल्यांचा मुद्दा. आपण पैसे पाठवतो, यूट्यूबची लिंक पाठवतो, मिस्त्रीशी व्हिडिओ कॉलवर बोलतो, आणि आपल्याला वाटतं काम झालं. पेडलवर पाय मात्र दुसऱ्याचा असतो. एका मित्राने डिस्क, बूस्टर, अलॉय, सगळं करवून वडिलांना "सरप्राइज" दिलं. वडिलांनी चौकात सवयीप्रमाणे जोरात दाबला आणि मागचा रिक्षावाला डिकीत. सुदैवाने कोणाला लागलं नाही. हलकं पेडल शिकायला आठवडा लागतो, मोकळ्या रस्त्यावर, शेजारी कोणीतरी बसून. तो आठवडा आपल्या तीन आठवड्यांच्या सुट्टीतून काढायची तयारी असेल तरच हे काम हातात घ्या. लग्नं-मुंजी-बारशी यांतून वेळ उरत नसेल तर लायनर बदला आणि परत या.

आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, शारजाच्या स्क्रॅप यार्डातून जपानी बूस्टर घेऊन बॅगेत घालून न्यावा का? तिथे स्वस्त मिळतो, ओरिजिनल असतो, मोह होतो, मला कळतं. पण तो डबा अपघातातल्या गाडीचा आहे की म्हाताऱ्या गाडीचा, हे कळायला मार्ग नाही. आतला रबराचा पडदा इथल्या उन्हात यार्डात किती उन्हाळे पडून होता तेही कळत नाही. बाहेरून रंग मारलेला असतो. बरं, भारतात नवीन मिळत नाही असंही नाही. आमच्याच जिल्ह्यात, जळगावच्या एमआयडीसीत, कल्याणी ब्रेक्सचा कारखाना होता, पुढे त्याचं बॉश चॅसिस सिस्टिम्स झालं. म्हणजे ब्रेकचं सामान जिथे बनतं तिथे आपण ते शारजाहून घेऊन चाललोय, तेही जुनं. बॅगेत वीस किलोची जागा आहे ती खजूर आणि टँगच्या डब्यांसाठी ठेवा.

ता. क. – पुशरॉडची फट मोजायला मिस्त्रीकडे फीलर गेज नसेल तर मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर छोटी मातीची, म्हणजे मुलांच्या प्लॅस्टिसिनची, गोळी ठेवून एकदा जोडायचं आणि खोलायचं. गोळी किती चपटी झाली ते मोजायचं. नंतर गोळी काढायला विसरू नका.